मधपाळाच्या बायकोची तहान

एका डोंगराळ गावात कोंडिराम नावाचा एक मधपाळ राहत होता. त्याच्याकडे मधमाश्यांच्या लाकडी पेट्या होत्या आणि घरात अंजिरा नावाची बायको होती. मूलबाळ नव्हतं. तुझा जीव पेट्यांवर जास्त की बायकोवर, असं कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "दोन्हीवर सारखाच." पण पेट्यांकडे तो दिवसभर वाकवाकून बघायचा. बायकोकडे तितका बघत नसे, एवढं मात्र खरं.

डोंगरातला फुलोरा संपला की माश्यांना खायला काही उरत नाही. मग मधपाळ पेट्या घेऊन फुलांच्या मागे जातात. कुठे सूर्यफूल, कुठे करडई, कुठे ओवा. कोंडिरामाच्या पेट्या भाड्याच्या ट्रकमधून पुढे जात आणि मागून तो आणि अंजिरा आपल्या छोट्या टेम्पोतून. हा टेम्पो पूर्वी दुधाचा होता. कोंडिरामानं तो विकत घेऊन आत छोटंसं घर केलं होतं. एका बाजूला झोपायची फळी, दुसऱ्या बाजूला गॅसची शेगडी, वर भांड्यांची मांडणी, कोपऱ्यात टीचभर देव्हारा. पाण्याचा निळा ड्रमसुद्धा होता आणि त्याला तोटी होती. मुक्काम पडेल तिथली माणसं ही गाडी बघायला येत. कोंडिराम दार उघडून सगळं दाखवी. "माझ्या घराला चाकं हायत," असं म्हणताना त्याची छाती फुगायची.

त्या घरात न्हाणी नव्हती आणि संडासही नव्हता. कोंडिरामाला त्याची कधी आठवणच झाली नाही. त्याचं सगळं सोपं होतं. सकाळी डबडं घेऊन बांधापलीकडे जायचं, विहिरीवरच्या पाइपाखाली उभं राहून अंघोळ उरकायची आणि टॉवेल पिळत परत यायचं. पुरुषाला सगळं रान मोकळंच असतं.

अंजिराचं तसं नव्हतं. गावी घराला संडास होता, न्हाणी होती. वाटेत कुठे अडलंच तर डोंगरात झाडी होती. इथे फुलांच्या मागे येत तो सगळा सपाट मुलूख. शेतात दिवसभर माणसं आणि शेतापलीकडे उघडा माळ. ज्याच्या शेतात पेट्या उतरवल्या, त्या शेतमालकाचं घर दूर गावात. त्यात तिचे गुडघे दुखत. खाली बसली की उठताना धरायला काहीतरी लागे. म्हणून ती उजाडायच्या आत जाऊन येई आणि नंतर थेट दिवेलागणीनंतर. अंघोळीचं म्हणाल, तर गाडीचं दार लावून ओल्या फडक्यानं अंग पुसून घेई.

एकदा तालुक्याच्या बाजारात औषधांच्या दुकानाबाहेर तिला एक घडीची खुर्ची दिसली. मधे भोक, खाली भांडं, वर झाकण. ती खुर्चीकडे बराच वेळ बघत उभी राहिली. परत आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपल्या गाडीत मागं एक पडदा लावू. आत तसली खुर्ची ठिवू."

कोंडिराम दचकला. "जितं चूल, जितं देव, तितं संडास? येडी का काय तू? अगं, माशीसुदीक पेटीत घाण करत न्हाई. बाहेर उडून जाती."

हे अगदी खरं आहे. मधमाशी आपल्या पोळ्यात घाण करत नाही. पण अंजिरा म्हणाली, "माशीला पंख हायत. मला गुडघं हायत."

हे उत्तर कोंडिरामाला फार आवडलं. तो पोट धरून हसला. मग ते त्यानं ट्रकवाल्याला सांगितलं, शेतमालकाला सांगितलं, शेजारच्या शिवारात उतरलेल्या मधपाळांनाही सांगितलं. माझी बायको कशी हजरजबाबी आहे, हे सांगण्यात तो इतका रमला की ती काय बोलली हे ऐकायचं राहूनच गेलं. अंजिरानं तो विषय पुन्हा काढला नाही. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असा कोंडिरामाचा समज होता. असा समज करून घेणारे पुष्कळ असतात.

त्या वर्षी सूर्यफूल चांगलं फुललं आणि ऊनही तापलं. उन्हात माश्यांना तहान लागते. कोंडिराम परातीत पाणी भरून पेट्यांजवळ ठेवी. त्यात खडे आणि काटक्या टाकी, म्हणजे पाणी पिताना एखादी माशी बुडू नये. परात जरा रिकामी झाली की लगेच भरी. कुठल्या पेटीला पाणी हवंय हे त्याला नुसत्या गुणगुणण्यावरून कळायचं. त्याच्या पाठीमागे अंजिरा पोळ्यातला मध काढायच्या यंत्राचा दांडा फिरवत बसलेली असे. तिचे ओठ सुकून त्यांची सालपटं निघालेली असत. ती काही गुणगुणत नव्हती, म्हणून त्याला काही कळत नव्हतं.

एके दिवशी दांडा फिरवता फिरवता ती कलंडली. कोंडिराम धावला. अंगाला हात लावून बघतो तर चटका बसावा इतका ताप. त्यानं तिला गाडीत निजवलं आणि गाडी थेट आरोग्य केंद्रात नेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मग विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

"पिते की," अंजिरा म्हणाली.

"गाडीत पान्याचा ड्रम भरल्याला असतो बाई," कोंडिरामानं मधेच सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही जरा पडद्याबाहेर थांबा."

तो बाहेर जाऊन उभा राहिला. पडदा पातळ होता. आतलं सगळं त्याला ऐकू येत होतं.

"आता सांगा खरं."

"सकाळी वाटीभर पिते. च्या सोडलाय. मग अंधार पडल्यावर."

"एवढ्या उन्हात? का?"

अंजिरा हळूच म्हणाली, "पिऊन जायाचं कुटं?"

कोंडिराम भिंतीला टेकला. ड्रम भरल्यावर तो उतरायचा कसा, हे त्याला आठवू लागलं. स्वयंपाकाला लागे, भांड्यांना लागे, माश्यांच्या परातीला लागे. तिच्या तांब्याला लागल्याचं काही केल्या आठवेना.

डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं. "पाणी न प्यायल्यानं आणि लघवी दाबून ठेवल्यानं जंतुसंसर्ग झालाय. ताप त्याचाच आहे. गोळ्या देते, उतरेल. पण असंच चाललं तर किडनीवर जाईल आणि मग जिवावर बेतेल. त्यापेक्षा यांना घरी ठेवा. फिरायचं ते तुम्ही फिरा."

परत येताना कोंडिराम म्हणाला, "तुला गावाला सोडतो. तितं समदं हाय."

अंजिरा खिडकीबाहेर बघत होती. दोन्ही बाजूंना पिवळी शेतं होती. ती म्हणाली, "म्हनूनच बोलले न्हाई मी. बोलले तर तुमी घरी ठिवनार, ह्ये मला ठावं होतं. मला ही फुलं बघायची असत्यात. तुमच्यासंगं फिरायचं असतं. त्या घरात एकटीनं पानी पिऊन काय करू?"

कोंडिरामानं गाडी कडेला घेतली. त्याला पुढचा रस्ता दिसेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोनं आपल्यासोबत राहायला मिळावं म्हणून तहान मारली, हे त्याला आज कळत होतं. तो रडला आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं हत्यारं काढली. आता ऐका. मधपाळाला आपली पेटी देवासारखी असते. चुकून पाय लागला तर कोंडिराम वाकून नमस्कार करायचा. त्याच माणसानं नव्या सागवानी पेटीचे दोन कोठे, म्हणजे वरखाली उघडे असलेले मजले घेतले, एकावर एक ठेवून खिळ्यांनी पक्के केले, वर फळी बसवली आणि करवतीनं तिला गोल भोक पाडलं. कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. आत झाकणाची बादली ठेवली. पेटीचंच छप्पर वर झाकण म्हणून बसवलं. उंची नेमकी खुर्चीएवढी झाली. अंजिराला गुडघे फार वाकवावे लागणार नव्हते. उठताना धरायला त्यानं बाजूला दांडा ठोकला. शेजारी भुशाचा डबा ठेवला. वापर झाला की वर मूठभर भुसा टाकायचा, म्हणजे वास येत नाही आणि घरमाशी बसत नाही.

मग अंघोळीचं. शेतकरी पाठीवर घेऊन फवारणी करतात तो पंप त्यानं कोरा करकरीत आणला. त्याच्या नळीला झारीचं तोंड बसवलं. पाणी काळ्या कॅनमध्ये भरून उन्हात ठेवलं की विनाखर्च तापायचं. ते पंपात ओतायचं, दांडा वरखाली करायचा, की अंगावर पाऊस. गाडीच्या मागच्या दाराला त्यानं बांबू बांधून जाड ताडपत्रीचा आडोसा केला. पेटीची खुर्ची त्यातच ठेवली. निघायच्या वेळी ताडपत्रीची घडी व्हायची आणि सगळं गाडीत एका कोपऱ्यात मावायचं.

"पर गाडीत देव हाय ना," अंजिरा अंथरुणावरून म्हणाली.

"देवाला तुझी तहान ठावी असंल," कोंडिराम म्हणाला. "मलाच ठावी नव्हती."

इथवर सगळं सोपं होतं. हौसेनं वस्तू कुणीही बनवतो. खरी परीक्षा नंतर आली. बादली रिकामी कुणी करायची?

अंजिरा तापातून नुकती उठली होती. तरी तिनं बादलीची कडी घट्ट धरून ठेवली. "ह्ये तुमी उचलायचं न्हाई. मला पाप लागंल."

"मी आजारी असतो तर तू उचललं असतंस का न्हाई?"

"ते येगळं."

"काय येगळं?"

कोंडिरामानं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि बादली उचलली. विहिरीपासून दूर, माळाच्या टोकाला त्यानं खड्डा खणून ठेवला होता. तो भर उजेडात, पायवाटेनं तिकडे निघाला. समोरून शेतमालक भगवानराव आणि शेजारच्या शिवारातले दोन मधपाळ येत होते.

"काय कोंडिराम, मध कुठं चालवलाय?" भगवानरावांनी हसत विचारलं.

कोंडिरामाला मध आहे म्हणता आलं असतं. खरकटं पाणी आहे म्हणता आलं असतं. बादलीवर झाकण होतं आणि आत काय आहे हे कुणालाही दिसत नव्हतं. त्याचे कान तापले. पण तो थांबून म्हणाला, "मध न्हाई. बायकोची बादली हाय. खड्ड्यात टाकाय निघालोय."

मधपाळ फिदीफिदी हसले. एकानं तर नाक धरलं. भगवानराव मात्र हसायचे थांबले. त्यांच्या शेतात तण काढायला रोज बायका येत होत्या. त्यांच्यासाठी ते सकाळी पाण्याची घागर भरून ठेवायला लावत आणि संध्याकाळी ती जवळपास तशीच भरलेली परत येई. या बायकांना तहान कमी लागते, असंच त्यांना वाटत आलं होतं. ते बाजूला झाले आणि त्यांनी कोंडिरामाला वाट दिली.

पुढे त्या बायकाही अंजिराकडे येऊ लागल्या. पहिल्यांदा आली ती सगळ्यात म्हातारी होती. तिनं विचारलं, "बाई, मी जाऊ का आत?" अंजिरानं ताडपत्री बाजूला केली. कोंडिरामानं खड्डा वाढवला आणि भुशाचं मोठं पोतं आणलं. भगवानराव आता घागर दुपारीच पुन्हा भरायला लावू लागले. फुलोरा संपायच्या आत त्यांनी बांधावर पत्र्याचा पक्का आडोसाही बांधून घेतला.

सूर्यफुलाचा बहर ओसरला. करडईकडे निघायचा दिवस आला. अंजिरा बरी झाली होती. सकाळी तिनं ताडपत्रीच्या आडोशात गरम पाण्यानं सावकाश अंघोळ केली. कोंडिराम बाहेरून पंपाचा दांडा हलवत होता आणि ती आतून, "पुरं आता, ड्रम रिकामा कराल," असं म्हणत होती. पेट्या ट्रकवर चढल्या. ट्रक पुढे गेला. कोंडिराम गाडी चालू करायला बसला आणि तसाच परत उतरला. त्यानं तांब्या भरून अंजिराच्या हातात दिला.

प्रवासाला निघताना अंजिरा आजवर कधी पाणी प्यायली नव्हती. तिची आईही कधी प्यायली नव्हती. तिनं तांब्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग पदर सावरून तिनं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं. ओठ पुसले. रिकामा तांब्या नवऱ्यापुढे धरून ती म्हणाली, "आनी एक द्या."

तात्पर्य: जवळचं माणूस काही मागत नाही म्हणजे त्याला काही नको आहे, असं समजू नये. त्याची अडचण आपण होऊन ओळखावी, आणि ती दूर करताना कोणतंही काम हलकं मानू नये.