कारवानीचे कागद

"आणि तिच्या आईचं नाव?"

टेंबेसाहेबांनी हे विचारलं तोवर दस्तगीरचाचा कुत्र्यांच्या चार पिढ्या सांगून दमले होते.

टेंबेसाहेब दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं दस्त नोंदवण्यात गेली, त्यामुळे कागद पाहिल्याशिवाय देवावरही विश्वास ठेवायचे नाहीत. सांगलीहून जतजवळच्या या माळावर ते कारवानी कुत्र्याचं पिल्लू घ्यायला आले होते. चाचांची पिल्लं अस्सल, पण माणूस पटला नाही तर ते देत नसत. मागच्याच महिन्यात त्यांनी एका आमदाराच्या मेहुण्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

आपल्या बाबतीत असं होणार नाही, याची साहेबांना खात्री होती.

"बिजली," चाचा म्हणाले.

साहेबांनी लिहून घेतलं. मग लसींच्या नोंदी पाहिल्या, डॉक्टरांची सही भिंगाखाली धरली, नोंदणीचा शिक्का उन्हात नेऊन तपासला. तास गेला. पायाशी पाच पिल्लं लोळत होती, त्यांच्याकडे बघायला साहेबांना सवड झाली नाही.

शेवटी चाचांनी एकच विचारलं.

"कुत्रं कशाला पायजे, साहेब?"

"राखणीला."

"कुलूप घ्या. त्याला खायला घालावं लागत नाही."

साहेबांचा पारा चढला. शेजारच्या कर्नलांकडे कागदवाला जर्मन शेफर्ड आहे, ते रोज सकाळी त्याला मुद्दाम साहेबांच्या फाटकासमोरून फिरवतात, हेही त्या भरात त्यांनी सांगून टाकलं.

चाचांनी मान हलवली. सगळे कागद गोळा करून फाईल बांधली, साहेबांच्या हातात दिली आणि जाऊन फाटक उघडलं.

"हे काय?"

"कागद. एकूण एक खरे हायेत. कर्नलसाहेबांना दाखवा."

"आणि पिल्लू?"

"त्याचं तुम्ही कुठं काय विचारलं?"

साहेब फाईल धरून उभे राहिले. एरवी त्यांनी नियम दाखवला असता, अर्ज केला असता. पण आता परत जायचं, बंगल्याचं दार उघडायचं आणि आत नुसतं घड्याळ ऐकायचं, या विचाराने त्यांना एकदम रडू येईलसं वाटलं.

"मंडळी गेल्यापासून..." ते म्हणाले, "घरी आलो की दाराशी कोणी येत नाही हो..."

चाचांनी फाटक पुन्हा लावून घेतलं.



पिल्लांची आई उठली, साहेबांचा हात हुंगून परत सावलीत जाऊन बसली. साहेबही इस्त्रीच्या पँटीसकट मातीत बसले. एक पिल्लू त्यांचा मोजा ओढत होतं. त्याचा एक कान उभा, एक पडलेला. साहेबांनी ते उचलून मांडीवर घेतलं, तसं त्याने निवांतपणे मांडी ओली केली.

साहेब हलले नाहीत.

चाचांनी पहिल्यांदाच हसून सांगितलं, हेच तुमचं.

साहेबांनी डोळे पुसले. पण तीस वर्षांची सवय. काखेतली फाईल पुढे करून त्यांनी काळजीने विचारलं, "मग हे कागद कुठे ठेवायचे?"

चाचा म्हणाले, "त्याच्या खाली अंथरा. महिनाभर तरी लागतील."