मेणाचं जाळं

माती अजून बोलत होती, तेव्हाची गोष्ट. जांभळाखाली दोन ढेकळं शेजारी राहत. धाकट्याच्या अंगावर बुरशीमावशीनं पांढऱ्या धाग्यांचं, मेणासारखं तुकतुकीत जाळं विणलं होतं. थोरल्यानं तिला जवळही येऊ दिलं नव्हतं. पहाटेचं दव जाळ्यावरून घरंगळून जाई आणि तहानलेलं धाकटं चडफडत राही.

थोरलं हिणवी, “मावशीच्या लाडापायी तहानेनं मरशील! मला बघ, थेंब पडला की गट्टम!”

“मावशी, काढ गं हे जाळं,” धाकटं रडकुंडीला आलं.

“मुळीच नाही,” मावशी म्हणाली. “मी पाणी अडवत नाही, हळू सोडते. कोरड्या पोटी घटाघटा पिऊ नये, बाळा.”

एका दुपारी पाटाचं पाणी आलं. थोरल्यानं ते चहूबाजूंनी हावरटासारखं ढोसलं. पोटातल्या हवेला बाहेर पडायला वाटच उरली नाही, आणि फुस्सकन ते फुटलं. धाकटं मात्र जाळ्याच्या फटींतून घोट घोट पीत राहिलं. संध्याकाळी ते आतपर्यंत ओलं झालं होतं, आणि होतं तसंच अख्खं होतं.

“मावशी, थोरलं कुठं गेलं गं?”

“ते बघ,” मावशी म्हणाली, “पाटातून गढूळ पाणी चाललंय ना, तेच ते.”

धाकट्यानं जाळं अंगाभोवती घट्ट ओढून घेतलं.