आवडीच्या शेळ्या आणि राजाचा कचरा

तीन दिवसांत तीन वर्षांचा कचरा परत करायचा, नाहीतर तिन्ही शेळ्या मिठात! कातळगडच्या राजाने आवडीला असा हुकूम दिला.

दोष तिचाच होता. आवडी रोज वाड्याच्या मुदपाकखान्यातून साली, शेंगांची टरफलं, भाजीचे देठ टोपलीत भरून न्यायची आणि शेळ्यांना घालायची. गुपचूप न्यायचं की नाही? पण बाईच्या जिभेला हाड नव्हतं. आगोटीचे दिवस होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी खंडोजी आचारी मटणाच्या पट्ट्यांना मीठ-हळद चोळून उन्हात वाळत घालत होता. ते पाहून ही म्हणाली, "कसली वाळकी बकरी आणलीस रे! माझ्या शेळ्या बघ, राजाच्या सालींवर कशा गरगरीत झाल्यात!"

खंडोजीने ते जसंच्या तसं राजाच्या कानावर घातलं. साठवणीला त्याला तीन जनावरं कमीच पडत होती.

"कचरा आमचा, म्हणजे त्यावर पोसलेल्या शेळ्याही आमच्याच!" राजा म्हणाला.

"पर म्हाराज, तुमी तर त्यो टाकला हुता."

"टाकला होता, तुला दिला नव्हता! नेलेलं सगळं परत आण. शेजारपाजारचा कचरा चालणार नाही, आमच्याच मुदपाकखान्यातला हवा. मग शेळ्या तुझ्या."

घरी येऊन आवडीने स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. "घरात चार डोकी, तीन शेळ्या नि एक मी," ती म्हणाली, "आन् अक्कल एकीलाबी न्हाय!" तिच्या शेळ्यांवर तिचा फार जीव. नवरा गेल्यापासून त्यांच्याच दुधावर तिचं पोट चालत होतं. ती शेळ्यांपुढे बसून विचार करू लागली. थोरल्या शेळीने तेवढ्यात तिचा पदर चावायला घेतला. दोन दिवसांत एवढीच प्रगती झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, सुचत काहीच नव्हतं म्हणून, तिने गोठा झाडला. लेंड्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि नेहमीच्या वाटेने निघाली. अर्ध्या वाटेत ती थबकली आणि एकटीच खो खो हसत सुटली. "अगं बया! तीन वर्षं मी करतीया तरी काय मग?"

दुपारी शेळ्या वाड्याबाहेर बांधून ती दरबारात गेली, ती रिकाम्या हाताने.

"कचरा कुठे आहे?" राजा गरजला. दाराशी खंडोजी सुरीला धार लावत उभाच होता.

"पोचला की म्हाराज! आधी सांगा, आज जेवलात काय?"

"वांग्याचं भरीत! आमच्या बागेतलं! अशी वांगी चाळीस गावांत पिकत नाहीत."

"पिकतील कशी? चाळीस गावांना माझ्या शेळ्या कुठं हायत? तुमच्या माळ्याला इचारा."

माळी हात जोडून पुढे आला. "खरं हाय म्हाराज. तीन वर्षं आवडीबाईच टोपल्या भरून लेंड्या आणून टाकतात. वांग्यांना दुसरं खत म्हणून मी घातलं न्हाय."

"बघा म्हाराज," आवडी म्हणाली, "तुमच्या साली शेळ्यांनी खाल्ल्या. शेळ्यांच्या लेंड्या वांग्यांनी खाल्ल्या. वांगी तुमी खाल्ली. तुमचा कचरा मी रोज तुमच्या ताटात आणून घालतीया!"

राजाचा हात नकळत पोटावर गेला. पण हट्ट सोडेल तो राजा कसला!

"सगळा कुठे परत आला? शेळ्यांच्या अंगावर जे मांस चढलं ते आमचंच. तेवढं तरी मिठात जाईल!"

"घाला की! खंडोजी सुरी घिऊनच हुबा हाय. पर म्होरच्या साली भरीत खायाचं असंल तर एक ध्यानात ठेवा. मिठात घातलेली शेळी लेंड्या टाकत न्हाय, म्हाराज!"

राजाने दटावायला तोंड उघडलं, आणि त्यातून हसूच बाहेर पडलं. हसता हसता त्याचा फेटा सुटला.

"तीन वर्षं," तो डोळे पुसत म्हणाला, "तीन वर्षं पाहुण्यांना बोलावून बोलावून आम्ही शेळीच्या लेंड्यांची तारीफ करतोय! शेळ्या तुझ्या, आवडी. साली रोज खंडोजी स्वतः डोक्यावरून तुझ्या दारात आणून टाकेल. वर आमच्याकडून दोन गाभण शेळ्या, आणि टोपलीभर वांगी!"

खंडोजीचा चेहरा वांग्यासारखा काळानिळा झाला. आवडीने वाकून मुजरा केला.

"शेळ्या द्या म्हाराज, साली बी द्या," ती म्हणाली. "वांगी मातुर तुमीच खावा. ती कशानं एवढी गोड लागत्यात, ते मला ठावं हाय!"

राजा असा हसला की बाहेर बांधलेल्या शेळ्याही दचकून ओरडायला लागल्या.