पायरीवरची म्हातारी

"आणि हे वाक्य म्हणताना तुझ्या राजाच्या पाठीमागे कोण असतं?" अनसूयाबाईंनी विचारलं.

श्रीरंग हसला. "पाठीमागे कुणी नाही, बाई. नुसता लाल प्रकाश. राजा काय उठून दिसतो म्हणून सांगू!"



सावंतवाडीत बाईंच्या घराच्या पडवीत श्रीरंग बारा वर्षांनी आला होता. बाईंनी उभं आयुष्य एका नाटक मंडळीत काढलेलं. रंगमंचावर श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, हे तो त्यांच्यापाशीच शिकला. आता तो पुण्यातला नावाजलेला दिग्दर्शक होता. बाईंच्या मंडळीचं 'संगीत धर्मछत्र' हे जुनं नाटक त्याने नव्याने बसवलं होतं. रविवारी शंभरावा प्रयोग. त्या दिवशी बाईंचा सत्कार करायचा, म्हणून तो आमंत्रण घेऊन आला होता.

"नाटक जिवंत केलं मी, बाई," तो म्हणाला. "'माझ्या राज्यात कुणीही उपाशी निजत नाही!' हे वाक्य आज पोरांच्या टी-शर्टवर आहे. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलांवर पाट्या लावतात. परवा एका पुढाऱ्याने भर सभेत म्हटलं. टाळ्या थांबेनात."

"टाळ्या..."

"आमच्याकडेही. रोज. लोक उभे राहतात."

"आमच्या वेळी त्या वाक्याला टाळी पडली, की मालक आम्हाला आत बोलावून झापायचे," बाई म्हणाल्या. "म्हणायचे, आज काम वाईट झालं."

श्रीरंगला वाटलं, बाईंचं वय झालं.

"पुस्तकात त्या वाक्याच्या वर कंसात काय छापलंय?"

त्याचं पाठांतर पक्कं होतं. त्याने घडाघडा सांगितलं, "राजवाड्याच्या पायरीवर एक म्हातारी भुकेने मरून पडली आहे. राजाची तिच्याकडे पाठ."

"मग?"

"तिला एकही वाक्य नव्हतं, बाई. प्रयोग दोन तासांत आटपायचा होता... काढली."

बाईंनी मान हलवली.

"उभा राहा. म्हण बघू ते वाक्य."

तो उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला.

"थांब."

भिंतीला धरून बाई खुर्चीवरून उठल्या. एक गुडघा टेकला, मग दुसरा. ऐंशीच्या घरातली बाई. तो धरायला पुढे झाला, तर त्यांनी हातानेच त्याला दूर ठेवलं. मग त्या शहाबादी फरशीवर आडव्या झाल्या. गाल फरशीला लागला. एक हात पुढे, तळवा उघडा.

"बाई, हे काय..."

"नऊ वर्षं मी हेच काम केलं. नायिका नंतर झाले. तू पाठ कर माझ्याकडे."

त्याने पाठ केली.

"म्हण."

"माझ्या राज्यात..."

मागे बाईंचा श्वास ऐकू येत होता. मग तोही ऐकू येईना.

"माझ्या राज्यात कुणीही..."

त्याला आपले प्रेक्षक आठवले. शिट्ट्या वाजवणारे, मोबाइल उंच धरणारे. पडदा पडल्यावर हात जोडून वाकलेला तो स्वतः आठवला. नव्याण्णव वेळा. त्याचे कान तापले. पुढचा शब्द निघेना.

रस्त्यावरून एक रिक्षा गेली...

तो वळला. बाई तशाच पडून होत्या. डोळे उघडे, पण त्याच्याकडे नव्हते.

तो मटकन खाली बसला. त्यांच्याकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

"मी चार वर्षं तुमच्याकडे शिकलो," तो कसाबसा म्हणाला. "तुम्ही हे मला कधीच का नाही सांगितलंत?"

"तू वाक्यं शिकायला आला होतास."



"रविवारी नाट्यगृह भरलेलं असेल, बाई. सगळी तिकिटं गेलीत. लोक त्या वाक्यासाठीच येणार." त्याने तोंड ओंजळीत झाकलं. "मी आता काय करू?"

उघडा तळवा तसाच होता.

"आधी मला उठव," बाई म्हणाल्या.