देवघरावरचा कमोड

१९९४ सालच्या मार्गशीर्षात माझ्या बायकोला, भागीरथीला, अर्धांगवायू झाला. कल्याणच्या आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. तिथवर तिला चालवेना. घरातल्या मोरीच्या कोपऱ्यात छोटा कमोड बसवायचं मी ठरवलं. चाळीचा अध्यक्ष अण्णा बिवलकर आडवा आला. तो आमच्या खोलीच्या अगदी खालच्या खोलीत राहायचा.

भर सभेत तो गरजला, "माझ्या देवघराच्या डोक्यावर संडास? देव बाटवता काय, शिरसाट? भांडं वापरा!"

मी उठलो. "अण्णा, तुमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं भांडं भागीरथीच उचलायची. हात धुऊन तुमच्या देवाचा नैवेद्यही तीच रांधायची. तेव्हा देव बाटला असेल, तर आता कमोडनं आणखी काय बाटणार? आणि तेव्हा बाटला नसेल, तर आताही बाटायचा नाही."

अण्णानं मान खाली घातली.

"बसवा," तो म्हणाला.

गवंडी कामाला लागला. सिमेंट सुकेपर्यंत अण्णा रोज सकाळी वर आला. भागीरथीचं भांडं उचलून नेलं, धुऊन आणून ठेवलं.

मग एके सकाळी माझा हात धरून भागीरथी मोरीच्या दारापर्यंत गेली आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. अण्णा रिकाम्या हातानं खाली उतरला. फेड झाली होती.