नांगराची पकड

लोखंड अजून बोलत होतं, तेव्हाची ही गोष्ट. कोकणात बाबल तांडेलाच्या होडीवर एक नांगर होता. स्कूबासाठी आलेल्या पाहुण्यांना बाबल समुद्रात नेई. टेकडीवरचा एकटा माड देवळाच्या कळसामागे आला, की तो नांगर टाकी. ही खूण कधी चुकत नसे, म्हणून नांगर रोज त्याच प्रवाळावर पडे.

"अख्ख्या किनाऱ्यावर याहून चांगली जागा नाही, आणि ती मी धरून ठेवतो," अशी नांगर फुशारकी मारी.

एकदा कपारीतला म्हातारा गोबरा मासा त्याला म्हणाला, "जागा चांगली होती रे बाबा. तू धरतोस तिथे आता नुसता चुरा उरलाय."

नांगराने खाली पाहिलं, तर खरंच नुसता चुरा पसरला होता. धरून राहावं तर गोबऱ्याचं घर मोडणार, सोडावं तर होडी खडकावर आपटणार. शेवटी त्याने पकड सोडली. होडी वाहू लागली, वर आरडाओरडा झाला. नांगर फरफटत प्रवाळापलीकडच्या वाळूत आला आणि जीव खाऊन रुतला. दोर ताणला, होडी थांबली. नांगराचा जीव भांड्यात पडला.

"हयसर वाळूत बरो धरता," बाबल घाम पुसत म्हणाला. "उद्यापासून हयच टाकूया. पावणे प्रवाळापर्यंत तेवडे पोवत जातले."

ही नवी जागा आपणच शोधली, असं बाबल पुढे सगळ्यांना सांगे. नांगर ते ऐके आणि गप्प राही. वाळूत उतरला, की गोबरा येऊन त्याला सांगून जाई, चुऱ्यात आज कुठे नवा कोंब फुटला ते.