बांधावरून थेंब जायला नको

एका गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, आणि सगळी पंचाईत तिथंच होती. आईबापामागं गजरामावशीनं त्याला वाढवलं. मावशीचं सगळं भात गावतळ्याच्या मातीच्या बांधाखाली. पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं की बांध फुटेल म्हणून ती रात्र रात्र जागायची.

म्हणून यंदा नरसू मेस्त्रीनं बांधावरून एक पाइप टाकला. एक तोंड तळ्यात बुडवलेलं, दुसरं पलीकडं खाली ओढ्यात.

"आधी पाइप पाण्यानं गच्च भर," मेस्त्री म्हणाला. "दोन्ही तोंडं बंद कर. आत हवा ऱ्हाऊ देऊ नगंस. मग तोंडं सोड. पाणी आपसूक बांध चढून पलीकडं उतरतंय."

हैबतीनं तसंच केलं. पाणी खळाळत ओढ्यात पडू लागलं. मावशीनं देवापुढं साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला देवळातली दुरुस्तीला दिलेली सनई आणायला धाडलं. हैबतीनं सनई पाण्यानं गच्च भरली. भोकांना चिखल लिंपला, दोन्ही तोंडांना बुचं मारली. संध्याकाळी गुरवानं ती फुंकली. सूर काही निघाला नाही, चिखल निघाला.

"आरं माज्या कर्मा!" मावशी म्हणाली. "असली वस्तू फुंकून, वाऱ्यावर वाळवत आणायची!"

"बरं."

मग तिनं त्याला गिरणीतून पीठ आणायला धाडलं. हैबतीनं डबा उघडून वाऱ्यावर धरला आणि फुंकत फुंकत घरी आला. डबा अगदी स्वच्छ होता.

मावशी रडकुंडीला आली. "तोंड गच्च बांधायचं, बाबा! येक कणबी भायेर सांडता कामा न्हाई!"

"बरं."

हैबती तळ्यावर राखणीला गेला. बघतो तर पाइपाच्या तोंडातून पाणी भसाभसा सांडतंय! मावशीचे शब्द आठवून त्यानं तोंडाला पोती गुंडाळली आणि सुंभानं करकचून आवळलं.

पाऊस कोसळत होता. तळं फुगत गेलं. पाणी बांधाच्या माथ्याला टेकायला आलं, तेव्हा मेस्त्री धावत आला. त्यानं सुंभ कापला, पोती भिरकावली. पाइप पुन्हा वाहू लागला.

"बांधावरनं पाणी गेलं की तुज्या मावशीचं भात गेलं म्हणून समज!" तो ओरडला. "मी मानसं घिऊन येतो. तवर काय बी कर, पर बांधावरनं थेंबबी जाऊ देऊ नगंस!"

"बरं."

मेस्त्री गेला. हैबतीनं पाइपाकडं पाहिलं. पाइपातलं पाणी बांधावरूनच तर चाललं होतं! त्यानं लगेच पाइप उखडून बाजूला टाकला.

तरी पाणी चढतच राहिलं. आता मात्र हैबतीला मावशीच्या भाताची खरोखर काळजी वाटली. त्यानं डोकं खाजवलं, कुदळ उचलली आणि कामाला लागला. सुरुवात अवघड गेली. पुढं पाणीच मदतीला आलं.

मावशी आणि मेस्त्री माणसं घेऊन पोचले, तेव्हा भाताच्या जागी तळं होतं आणि तळ्याच्या जागी चिखल. हैबती घाम पुसत उभा होता.

"मावशे, काळजी करू नगंस," तो म्हणाला. "बांधावरनं येक थेंब गेला न्हाई. मी बांधच काढून टाकला."